पूर ओसरल्यावरची मदत वेगळी, पूर येण्याआधीचा निधी वेगळा: गावाने तो मागायचा कसा?

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीने सोलापूर-धाराशिवकडची गावं पाण्याखाली घातली, मराठवाड्यात उभं सोयाबीन कुजलं, कित्येकांच्या शेतातली माती खरडून गेली, आणि ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारने ३१ हजार ६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. मग सगळीकडे एकच विषय, हेक्टरी किती मिळणार, पंचनामा झाला का, केवायसी झाली का, खात्यावर कधी पडणार. ज्याचं पीक गेलं त्याने हे विचारायचं नाही तर कोणी विचारायचं. पण त्याच दिवसांत मला दोघा-तिघांनी वेगवेगळ्या वेळी विचारलं की ताई, दरवर्षी असंच बुडायचं आणि मग पंचनामा करायचा का, पाणी येण्याआधी काही करायला सरकारकडे पैसे नसतात का?

असतात. त्यासाठी कायद्यानेच वेगळा निधी ठेवलेला आहे. फक्त तो कुणाच्या खात्यावर आपोआप पडत नाही, गावाला मागावा लागतो, आणि बहुतेक गावं तो चुकीच्या पद्धतीने मागतात. आम्हीही तसाच मागितला होता. मी एक टर्म ग्रामपंचायत सदस्य होते, आमची वाडी महाड-पोलादपूर पट्ट्यात डोंगराच्या पोटाशी आहे, आणि हे सगळं मी अर्ज परत आल्यावर शिकले, म्हणून इथे सविस्तर लिहितेय म्हणजे तुमचं एक वर्ष तरी वाचेल.

शाकारणी आणि बादली

कौलारू घरात राहिलेल्या माणसाला हे एका मिनिटात कळेल. मे महिन्यात आपण माणूस लावून कौलं परतून घेतो, फुटकी बदलतो, त्याला शाकारणी म्हणतात. ती केली नाही की जुलैमध्ये रात्री दोन वाजता उठून गळतीखाली बादल्या लावत बसायचं. बादलीही लागतेच, ती नको असं कोणी म्हणणार नाही, पण कितीही बादल्या लावल्या तरी कौल काही बदलत नाही.

आपत्तीनंतर मिळणारी मदत म्हणजे बादली. माणूस दगावला तर वारसाला ४ लाख, जिरायत पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,०००, फळबागेला २२,५००, सपाटीवरचं पूर्ण पडलेलं घर असेल तर १ लाख २० हजार, हे केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या निकषातले मूळ आकडे. राज्य सरकार कधी वर भर घालतं, कधी हेक्टरची मर्यादा वाढवतं. घर पुन्हा बांधायला निघालेल्या माणसाला विचारा १ लाख २० हजारांत पाया तरी होतो का.

आपत्ती येण्याआधी तिचा मार कमी व्हावा म्हणून जी कामं करतात, ती शाकारणी. सरकारी कागदात याला ‘सौम्यीकरण’ म्हणतात. शब्द अवघड वाटतो पण अर्थ एवढाच की पाऊस थांबवता येत नाही, त्याचा फटका मात्र हलका करता येतो. हा एक शब्द लक्षात ठेवा कारण अर्जात तो असला पाहिजे, का ते पुढे सांगते.

शंभराची नोट कशी मोडते

२००५ मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. त्यात राज्य पातळीवर दोन वेगळे निधी सांगितलेत, एक मदतीसाठीचा राज्य आपत्ती प्रतिसाद निधी आणि दुसरा राज्य आपत्ती सौम्यीकरण निधी. पहिला सगळ्यांना माहीत झाला कारण भरपाई त्यातून येते. दुसरा बरीच वर्षं कागदावरच राहिला. केंद्र आणि राज्यांत पैसे कसे वाटायचे ते वित्त आयोग सुचवतो, त्या १५व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी त्याचा हिस्सा ठरवून दिला आणि २०२२ च्या जानेवारीत केंद्रीय गृह मंत्रालयाने तो कसा खर्चायचा याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, तेव्हा कुठे तो खऱ्या अर्थाने चालू झाला.

आता समजा राज्याच्या आपत्तीच्या डब्यात शंभराची नोट आली. आयोगाने सांगितलं की त्यातले ४० रुपये तातडीच्या मदतीला, ३० रुपये मोडलेलं परत उभं करायला, १० रुपये तयारीला म्हणजे ट्रेनिंग, साहित्य, इशारा यंत्रणा वगैरेला, आणि उरलेले २० रुपये सौम्यीकरणाला. म्हणजे शंभरातले २० रुपये शाकारणीचे. महाराष्ट्रासारख्या राज्यात यातले ७५ टक्के केंद्र देतं आणि २५ टक्के राज्य. देशभरातल्या राज्यांचा पाच वर्षांचा हिशोब धरला तर हे शाकारणीचे पैसे होतात ३२ हजार कोटींच्या आसपास. (एप्रिल २०२६ पासून १६व्या वित्त आयोगाचा काळ आहे, त्यामुळे अर्ज करताना टक्केवारी आणि सूचना त्या वेळच्या शासन निर्णयात बघून घ्या, जुन्या झेरॉक्सवर जाऊ नका.)

याशिवाय केंद्राकडे स्वतःचा राष्ट्रीय सौम्यीकरण निधी आहे, त्यातून मोठे प्रकल्प होतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये दरडींसाठी १५ राज्यांना मिळून १,००० कोटींचा प्रकल्प मंजूर झाला, त्यात महाराष्ट्राचे १०० कोटी. कोकणासाठी राज्याचाही वेगळा आपत्ती सौम्यीकरण कार्यक्रम आहे, जमिनीखालून वीजवाहिन्या, चक्रीवादळात आसऱ्याला निवारा केंद्रं, धूपप्रतिबंधक बंधारे, दरडीवरचे उपाय अशी कामं त्यात धरलीत. निसर्ग वादळात ३ जून २०२० ला श्रीवर्धन-मुरुडकडे विजेचे खांब काडीसारखे आडवे झाले होते आणि काही गावं कितीतरी दिवस अंधारात होती, ते ज्यांनी बघितलंय त्यांना जमिनीखालच्या केबलची किंमत सांगायला नको.

मग अर्ज करायचा कोणी आणि कुणाकडे?

इथे पहिली गैरसमजाची गाठ सोडवू. तरुण मंडळ, बचत गट, ट्रस्ट यांनी थेट अर्ज करावा आणि पैसे त्यांच्या खात्यात यावेत असा हा निधी नाही. काम सरकारी यंत्रणा करते किंवा ग्रामपंचायत, नगरपरिषद यासारखी स्थानिक संस्था करते. पण म्हणून मंडळाचं काम संपत नाही, उलट गावात खरी माहिती गोळा करायला तेच उपयोगी पडतात, आमच्याकडे तरी पोरांनीच केलं सगळं.

वाट अशी असते. ग्रामसभा ठराव करते, ग्रामपंचायत प्रस्ताव करते, तो तहसीलदारांमार्फत जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे जातो. हे प्राधिकरण म्हणजे एक समिती असते, जिल्हाधिकारी अध्यक्ष आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष. तिथून निवडलेली कामं राज्याकडे, मदत व पुनर्वसन विभागाकडे जातात आणि मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालची राज्य कार्यकारी समिती मंजुरी देते. लांबची वाट आहे, खोटं कशाला सांगू. पण या वाटेवर एक जागा अशी आहे जिथे गावाचा हात पोचतो. प्रत्येक जिल्ह्याचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा असतो आणि तो दरवर्षी नव्याने बघितला जातो. तुमच्या वाडीचं नाव, तिचा धोका आणि सुचवलेलं काम त्या आराखड्यात नसेल तर वरच्या लोकांच्या दृष्टीने तुमची वाडी नाहीच. म्हणून पैसे मागायच्या आधी आराखड्यात नाव घालून घ्यायचं. जिल्ह्याच्या वेबसाइटवर बहुतेक ठिकाणी आराखड्याची पीडीएफ असते, मोबाईलवर उघडा आणि आपल्या गावाचं नाव सर्च करा. आमचं नाव होतं, पण वाडी चुकीच्या महसुली गावाखाली दाखवलेली.

आमचा पहिला अर्ज एका पानाचा होता

विषय: संरक्षक भिंत मिळणेबाबत. खाली मजकूर, की आमच्या गावास डोंगराचा धोका असून तरी साहेबांनी सहानुभूतीपूर्वक विचार करून भिंत मंजूर करावी ही नम्र विनंती. खाली साठ-सत्तर सह्या आणि अंगठे. २०२१ च्या जुलैनंतरची गोष्ट आहे ही. त्या २२ जुलैला महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, सावित्रीने महाड बुडवलं, आणि तळियेवर दरड येऊन ऐंशीहून जास्त माणसं गेली. आमच्यासारख्या प्रत्येक वाडीत तेव्हा रात्री कोणी झोपत नव्हतं, पुरुष माणसं आळीपाळीने जागी राहायची. त्या भीतीत तो अर्ज लिहिलेला.

चार महिन्यांनी तो परत आला. एका कार्यालयाने वर एक ओळ लिहिलेली, ‘परिपूर्ण प्रस्तावासह फेरसादर करावे’. परिपूर्ण म्हणजे काय ते कुठेही लिहिलेलं नव्हतं. गावात चिडचिड झाली, काही जण म्हणाले ठेवा तो कागद चुलीत. मीही चिडले होते. पण नंतर शांतपणे तो अर्ज वाचला तर त्यात खरंच काही नव्हतं हो. भिंत कुठे, किती लांब, कोणाच्या जमिनीत, किती घरांसाठी, आणि भिंतीने धोका जाणार हे कोणी ठरवलं, यातलं एकही उत्तर त्यात नव्हतं. सही करणाऱ्या साहेबाने कशाच्या जोरावर सही करायची?

धोका मोजून दाखवायचा म्हणजे नेमकं काय

धोक्याचे तीन भाग करायचे. काय येणार (पाणी, दरड, वारा, वीज), त्याच्या वाटेत कोण आहे, आणि जे वाटेत आहेत त्यांना ते कितपत झेपेल. पाऊस तोच असतो, पण कड्याखालच्या शेवटच्या घरात अंथरुणाला खिळलेली आजी असेल तर तिथला धोका वेगळा आणि रस्त्याकडच्या पक्क्या घरातला वेगळा. प्रस्तावात हे तीनही दिसले पाहिजेत.

आम्ही काय केलं ते सांगते. शाळेच्या मागच्या भिंतीवर २०२१ च्या पाण्याची चिखलाची रेघ अजून दिसत होती, फिकी झालेली, पण होती. बारावीतल्या दोन पोरांनी टेप लावून जमिनीपासून मोजली, टेप भिंतीला धरून फोटो काढला, आणि मोबाईलच्या जीपीएस कॅमेऱ्याने काढला म्हणजे फोटोवरच जागा आणि तारीख उमटते. मग वाडीतली सगळ्यात जुनी आजी, तिला विचारलं की २००५ ला पाणी कुठवर होतं. २००५ च्या जुलैमध्ये महाड तालुक्यात जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते इथे दरडींनी माणसं गिळली होती, ती रात्र तिला पाठ आहे. ती काठी टेकत उठली, देवळाच्या जोत्याच्या तिसऱ्या पायरीवर काठी आपटली आणि म्हणाली, “हितवर. आन् वरनं नाय आलं पाणी, ह्या बाजूनं आलं.”

ह्या बाजूनं. तिच्या त्या बोटानेच आमचा सगळा प्रस्ताव बदलला. आम्ही सगळे वरच्या डोंगराकडे बघून भिंत भिंत करत होतो आणि ती दाखवत होती पऱ्याकडे. पऱ्या म्हणजे डोंगरातून उतरणारा पावसाळी ओढा, घाटावरच्या लोकांसाठी सांगितलं. पोरं पऱ्याने वर चालत गेली तर वाडीच्या रस्त्याखाली टाकलेला सिमेंटचा पाइप दगड-फांद्यांनी पाऊण भरलेला, आणि मुळात तो पाइपच त्या पऱ्याच्या मानाने फार लहान. पाणी तिथे तुंबायचं, रस्त्यावरून उलटायचं आणि सरळ वाडीत घुसायचं. शिवाय वरच्या उतारावर पाणी जिरून जिरून माती ढिली होत होती. आपल्याकडच्या उतारांचा हाच घात आहे, वर जांभा किंवा मऊ माती आणि खाली घट्ट कातळ, मध्ये पाणी साचलं की वरची माती भिजलेल्या पोत्यासारखी जड होते आणि कातळावरून घसरते. म्हणजे आधी पाण्याला वाट द्यायची, बाकी सगळं नंतर.

मग मागणीच बदलली. पाइपच्या जागी मोठी मोरी (रस्त्याखालून पाणी जाऊ देणारा छोटा पूल), वरच्या उतारावर पाणी बाजूला काढणारे चर, उताराला वाळ्याची लागवड (वाळ्याची मुळं खोल सरळ जातात आणि माती धरून ठेवतात), आणि शाळेवर पर्जन्यमापक व भोंगा. याचं सगळं मिळून अंदाजपत्रक त्या भिंतीच्या तोंडी सांगितलेल्या खर्चाच्या पाव हिश्शातही बसत होतं.

“पण मग भिंतच का नको? भिंत डोळ्याला दिसते तरी”

हे ग्रामसभेत तीनदा विचारलं गेलं, योग्यच आहे. एक कारण तांत्रिक, मागे पाणी साचलं आणि त्याला बाहेर पडायला छिद्रं नसली तर भिंतच पाण्याच्या दाबाने पुढे येते. दुसरं कारण निधीच्या नियमातलं आहे आणि ते बहुतेकांना माहीत नसतं. १५व्या वित्त आयोगाने स्पष्ट म्हटलंय की समुद्राच्या भिंती, पुराचे मोठे बांध असली अवाढव्य बांधकामं या निधीतून नकोत, ती नेहमीच्या विकास योजनांतून करा, हा निधी स्थानिक पातळीवरच्या, लोकांच्या सहभागाच्या, निसर्गाला धरून असलेल्या कामांसाठी आहे. म्हणजे ज्या निधीत लहान आणि नेमक्या कामाला जागा आहे तिथे आपण मोठी भिंत मागतो आणि नाही म्हटलं की सरकार देत नाही म्हणतो. तसंच रोजची दुरुस्ती आणि देखभालही यात बसत नाही. गटार साफ करून द्या असं लिहिलंत तर परत येणार, ते ग्रामपंचायतीचंच काम आहे.

कागद कोणते लागतात, आणि कुठला कागद सगळ्यात जास्त अडवतो

ग्रामसभेचा ठराव हवाच. गणपूर्ती असते मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातलं जे कमी ते. ठरावात नुसतं ‘चर्चा झाली’ नको, कामाचं नाव, जागा आणि ‘आपत्ती सौम्यीकरणासाठी’ हे शब्द हवेत, कारण फाइल ज्या टेबलावर जाते तिथला माणूस शीर्षक बघून ती कुठल्या निधीत टाकायची ते ठरवतो. नुसतं मोरी मिळणेबाबत लिहिलं की ती रस्त्याच्या कामांच्या ढिगात जाते, त्या ढिगातून ती कधी वर येणार देवालाच ठाऊक.

मग अंदाजपत्रक. ते आपण बनवायचं नसतं, जिल्हा परिषदेच्या किंवा सार्वजनिक बांधकामच्या अभियंत्याने चालू दरसूचीप्रमाणे बनवायचं असतं आणि तांत्रिक मान्यताही तेच देतात. “आम्हाला इंजिनिअरिंग कुठे येतं” ही भीती म्हणून सोडा. आपलं काम अभियंत्याला जागेवर आणायचं आणि पाणी कुठून येतं ते दाखवायचं, शक्य असेल तर पावसाळ्यातच, कारण मार्चमध्ये पऱ्या बघितला तर कोरडा दगडगोटा दिसतो आणि माणसाला खरंच वाटत नाही की यातून वाडी वाहून जाईल. आमच्याकडे पोरांनी जुलैमध्ये काढलेला व्हिडिओ होता, त्याने निम्मं काम केलं.

दरडीचा विषय असेल तर भूवैज्ञानिकांच्या पाहणीचा अहवाल सोन्यासारखा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण किंवा राज्याची भूजल यंत्रणा पाहणी करते, ती जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत मागायची. तळिये, इर्शाळवाडीनंतर बऱ्याच वाड्यांची पाहणी झालेली आहे, तुमचा अहवाल कुठल्यातरी फाइलमध्ये आधीच पडलेला असू शकतो, आधी तो शोधा.

आणि सगळ्यात जास्त अडवणारा कागद कुठला तर सातबारा. काम ज्या जागेत करायचं ती कोणाची? खाजगी असेल तर मालकाचं संमतीपत्र, आणि आपल्याकडे एका सातबाऱ्यावर सतरा नावं, त्यातली सहा मुंबईत, दोन बडोद्याला. वनाची जमीन असेल तर वेगळी परवानगी आणि वेगळी वाट. म्हणून काम कुठे करायचं ते ठरवतानाच सातबारा काढून बघा, वीस फूट इकडे-तिकडे सरकवून जर काम गावठाणात बसत असेल तर दोन वर्षं वाचतात. आमची मोरी रस्त्याच्या जागेत होती म्हणून ती आधी सुटली.

याखेरीज हेच काम दुसऱ्या कुठल्या योजनेतून मंजूर नाही असा दाखला (ऑफिसात याला दुबार नसल्याचा दाखला म्हणतात), घरांची आणि माणसांची यादी, त्यात म्हातारी, अपंग, गरोदर बाया वेगळ्या दाखवलेल्या, जुन्या पंचनाम्यांच्या प्रती, आणि काम झाल्यावर त्याची निगा कोण राखणार याचा ग्रामपंचायतीचा शब्द. मोरी दरवर्षी मे महिन्यात कोण साफ करणार ते आम्ही ठरावातच लिहून टाकलं.

“आमच्याकडे आजवर कधी काही झालेलं नाही, आम्हाला कोण देणार?”

३० जुलै २०१४ च्या आधी माळीणमध्येही कधी काही झालेलं नव्हतं. त्या सकाळी दरडीखाली १५१ माणसं गेली. १९ जुलै २०२३ ला इर्शाळवाडी गेली, ती दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हती, हे सरकारनेच नंतर सांगितलं. यादी चुकू शकते. पण जमिनीला पडलेली भेग, वाकलेली झाडं, अचानक गढूळ झालेला झरा, दार-खिडक्या घट्ट बसायला लागणं, ही लक्षणं गावाला आधी दिसतात. ती दिसली तर तारखेसकट लिहून आधी तहसीलदारांना कळवा, आणि पाऊस चालू असेल तर लिहीत बसू नका, बाहेर पडा आणि १०७७ ला फोन करा, तो जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर आहे.

आणि कुठली संकटं यात मोजतात तेही बघा. केंद्राच्या यादीत पूर, दरड, वादळ, दुष्काळ, भूकंप, गारपीट, ढगफुटी वगैरे आहेतच, शिवाय महाराष्ट्राने स्वतःच्या यादीत वीज पडणं, अवेळी पाऊस, अतिवृष्टी, समुद्राचं उधाण आणि आकस्मिक आग धरलीत. विदर्भ-मराठवाड्यात शेतात वीज पडून दरवर्षी माणसं जातात, तिथल्या गावाने वीज अटकाव यंत्रणेचा विचार जरूर करावा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने बनवलेलं, वीज पडण्याचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप फुकट आहे, ते तर आजच टाका फोनमध्ये, त्याला कुणाची मंजुरी लागत नाही.

“पुनर्वसनच करा ना, मग ही थिगळं कशाला?”

काही वाड्यांना खरंच हलवण्यावाचून इलाज नाही, आणि भूवैज्ञानिकांनी तसं सांगितलं असेल तर तीच मागणी लावून धरा, मोरीवर समाधान मानू नका. पण पुनर्वसनाला वेळ किती लागतो ते माहीत असू द्या. माळीणसारख्या साऱ्या देशाचं लक्ष गेलेल्या गावाला नवीन घरं मिळाली एप्रिल २०१७ मध्ये, पावणेतीन वर्षांनी. तोवरचे तीन पावसाळे माणसांनी कुठे आणि कशाच्या भरवशावर काढायचे? म्हणून हलवायचं ठरलं असलं तरी भोंगा, पर्जन्यमापक, रात्री हलायची ठरलेली जागा आणि तिथवरचा चालण्यासारखा रस्ता एवढं मधल्या काळासाठी मागायलाच हवं. आपल्याकडे महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, पण मंडळाचं यंत्र दहा किलोमीटरवर खाली सपाटीला असतं आणि पाऊस पडत असतो डोंगरावर. वाडीचा स्वतःचा पर्जन्यमापक असला की कधी निघायचं ते वाडी स्वतः ठरवू शकते.

“एवढं करून मिळालंच नाही तर?”

मिळेलच असं मी सांगणार नाही. प्रस्ताव जास्त आणि पैसे कमी हे आहेच, ओळखीपाळखी चालतात हेही आहे, आणि याचा मला राग येतो कारण इथे उशीर झाला तर माणसं जातात. पण एकदा नीट केलेला प्रस्ताव एकाच दारावर ठेवायचा नसतो. तोच जिल्हा वार्षिक योजनेसाठी नियोजन समितीकडे द्या, आणि दिवाळीच्या आसपासच द्या कारण पुढच्या वर्षाचा आराखडा त्यानंतर ठरायला लागतो, मार्चमध्ये जाऊन उपयोग नाही. वित्त आयोगाचे जे पैसे ग्रामपंचायतीला येतात त्यातल्या अबंधित भागातून, म्हणजे ठराविक कामाला बांधून न दिलेल्या पैशातून, लहान काम करता येतं, पण ते गावाच्या विकास आराखड्यात आधी घातलेलं हवं. चर, बांध, लागवड ही रोजगार हमीत बसणारी कामं. आमदार-खासदार निधी आहे. कंपन्यांच्या सीएसआरमध्येही (सामाजिक कामासाठीच्या निधीत) आपत्ती व्यवस्थापन हा मान्य विषय आहे आणि जवळ एमआयडीसी असेल तर तिथे जाऊन बघा. एकाच प्रस्तावाचे असे तुकडे पाडले तरी चालतात, फक्त एका तुकड्याला दोनदा पैसे घेऊ नका, तिथे गाव कायमचं अडकतं.

आणि एक सवय लावून घ्या. कुठलाही कागद दिला की दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि नंबर घेतल्याशिवाय ऑफिसच्या पायऱ्या उतरायच्या नाहीत. महिन्याने त्या नंबरवर विचारणा करायची, तोंडी नाही, लेखी. फाइल एका टेबलावर कामाचे सात दिवस यापेक्षा जास्त रेंगाळू नये असा महाराष्ट्रात कायदा आहे, दप्तर दिरंगाईचा, त्याचा नम्रपणे उल्लेख करायचा. तरी उत्तर नाही आलं तर माहितीच्या अधिकारात अर्ज, तिथे ३० दिवसांत सांगावंच लागतं की फाइल कुठे आहे. भांडून जे होत नाही ते आवक नंबरने होतं, हे मी स्वतः बघितलंय.

आमची मोरी झाली. एका निधीतून नाही, अर्धं एकीकडून अर्धं दुसरीकडून, आणि पहिला अर्ज दिल्यापासून तिसऱ्या वर्षी. गेल्या पावसाळ्यात एका रात्री पऱ्या असा दणाणत होता की बोललेलं ऐकू येईना, पोरं बॅटरी घेऊन मोरीपाशी उभी होती आणि पाणी खालून जात होतं, रस्ता कोरडा नव्हता पण वाडीत पाणी आलं नाही. आजी तिच्या ओट्यावर घोंगडी घेऊन बसून होती, तिला दोनदा सांगितलं झोप म्हणून, तरी पहाटेपर्यंत बसली. वरच्या चरांच्या जागेचा ना हरकत दाखला अजून यायचाय. त्याचा आवक नंबर माझ्या डायरीच्या पहिल्या पानावर आहे, आणि येत्या सोमवारी मी परत जाणार आहे.